पाटल्या राहू दे, आधी आईचं रजिस्टर उघड

"ताई, नमस्कार. मी सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातला. परभणीला बीएससी कॉम्प्युटर सायन्स केलं, यंदा पास झालो, 64 टक्के. कॉलेजात कुठलीच कंपनी आली नाही. पुण्यात एक क्लास आहे, 6 महिन्यांचा, फी 70,000, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. तिथला माणूस म्हणला फ्रेशरला कुणी विचारत नाही, आम्ही 3 वर्षांचा अनुभव दाखवून देतो, लेटर, सॅलरी स्लिप सगळं, नोकरी लागली की पहिले 2 पगार आम्हाला द्यायचे. आमचं 3 एकर सोयाबीन सप्टेंबरात पाण्यात गेलं, बाबा म्हणायलेत आईच्या पाटल्या बँकेत ठेवू. मला लॅपटॉप नाही, इंग्रजी कच्चं आहे, आणि मित्र म्हणायलेत एआय आल्यावर कोडिंग राहणारच नाही. सध्या घरीच आहे, शेतात जातो आणि आई बचत गटाची सचिव आहे तिचं रजिस्टर लिहून देतो. काय करू?"
सेलू तालुक्यातला एक वाचक

भावा,

आधी ते पाटल्यांचं. आजच्या आज बाबांना सांग की बँकेत जाऊ नका म्हणून. बाकीचं उत्तर तू उद्या वाचलंस तरी चालेल.

70,000 म्हणजे किती ते एकदा आपल्या हिशोबानं बघू. सोयाबीन 4,000 नं गेलं असं धर (2024-25 ला हमीभाव 4,892 होता पण मोंढ्यात खरं कितीनं गेलं ते बाबांनाच विचार), तर साडेसतरा क्विंटल होतंय, म्हणजे तुमच्या 3 एकरातलं चांगल्या सालातलं बहुतेक सगळं पीक, आणि हे नुसत्या फीचे, पुण्यातलं कॉट बेसिसचं भाडं, मेस, सिटी बसचा पास हे अजून धरलंच नाही. सगळे क्लास फसवे असतात असं मी म्हणणार नाही, चांगलं शिकवणारे आहेत, मी त्यांच्याकडून शिकलेल्या पोरांसोबत काम केलंय. पण शंभर टक्के प्लेसमेंट ही गोष्ट कुठल्याच क्लासवाल्याच्या हातात नसती, घ्यायचं का नाही ते कंपनी ठरवती, आणि जो माणूस त्याच्या हातात नसलेली गोष्ट विकायलाय तो ती कशी देणार हे त्यानंच तुला सांगून टाकलंय की, खोटे कागद करून.

आता त्या कागदांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हे तुझ्यासारख्या लई पोरांना सांगितलं जातंय आणि सगळे करतात म्हणून ते करून बसतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक मुलगा आला होता, आपल्याच भागातला, कागदावर 3 वर्षांचा अनुभव. पोरगं हुशार होतं आणि मेहनती पण होतं, हे मी मनापासून सांगते. त्याला एक काम दिलं, जुन्या कोडमध्ये एक बदल करायचा होता, अनुभवी माणसाला दोन दिवसांचं. तो 11 दिवस स्क्रीनकडं बघत बसला. रोज सकाळी विचारलं की म्हणायचा चालू आहे. नंतर कळलं की त्याला तो प्रोजेक्ट स्वतःच्या मशीनवर चालू कसा करायचा हेच माहीत नव्हतं, आणि ते विचारायची सोय त्याला राहिली नव्हती, कारण 3 वर्षं काम केलेला माणूस हे विचारत नसतो. फ्रेशर म्हणून आला असता तर पहिल्या दिवशी चहाला जाता जाता विचारलं असतं आणि मी किंवा शेजारच्यानं अर्ध्या तासात दाखवून दिलं असतं. दोन महिन्यांनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा, म्हणजे जुन्या नोकरीच्या चौकशीचा, रिपोर्ट आला आणि त्याला त्याच दिवशी काढलं. तो बॅग भरत होता तेव्हा मी तिथंच होते, मला अजून आठवतं.

फ्रेशरकडं पैसा नसतो, ओळख नसते, पण एक गोष्ट असते जी आमच्यासारख्या जुन्या लोकांकडं उरत नाही, पहिलं वर्ष-दीड वर्ष काहीही विचारायची मुभा. डेटाबेस म्हणजे नेमकं काय, हे एरर कशाचं, हे फाईलमधलं कोण वापरतं, कितीही साधा प्रश्न असो, लोक सांगतात, बहुतेक जण आनंदानं सांगतात. त्या वर्षात माणूस जेवढं शिकतो तेवढं पुढं पाच वर्षांत होत नाही. खोटा अनुभव घेतला की हीच मुभा तू 2 पगार देऊन विकून टाकतोस. वर भीती वेगळीच. पीएफचा तुझा यूएएन नंबर एकच असतो आणि त्याच्यावर कुठं, कधीपासून कधीपर्यंत काम केलं ती सर्व्हिस हिस्ट्री दिसती, पगारातून टॅक्स (टीडीएस) कापला का नाही ते इन्कम टॅक्सच्या 26एएस फॉर्ममध्ये दिसतं, कंपन्या हे बघतात. काही एजंट पीएफ पण भरून दाखवतात म्हणे, पण त्या नावाची कंपनी त्या पत्त्यावर नसली की ते पण उघडं पडतं, आणि कधी पडेल ते सांगता येत नाही, 4 वर्षांनी दुसरी नोकरी बदलतानाही पडू शकतं. खोटी कागदपत्रं दाखवणं हा गुन्हा आहे, आणि अर्जावर सही तुझी असते, त्या क्लासवाल्याची नाही.

म्हणून तो दरवाजा बंद कर. आता दुसरा.

तुझ्या पत्रात तू शेवटाला सहज लिहून टाकलंस की आईचं बचत गटाचं रजिस्टर तू लिहितोस. मला पूर्ण पत्रात तेच वाक्य सगळ्यात कामाचं वाटलं. पोरं प्रोजेक्ट म्हणून काय दाखवतात माहितीये का, टू-डू लिस्ट, कॅल्क्युलेटर, हवामानाचं ॲप, लायब्ररी मॅनेजमेंट, आणि त्यातलं बरंचसं यूट्यूबवरून जसंच्या तसं. विचारलं की हे असं कामून केलं, तर उत्तर नसतं. तू गटाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर कर. दिसायला बारकं आहे पण आत शिरलास की त्याच्यात काय काय आहे बघ.

समज गटात 12 बायका आहेत, महिन्याला प्रत्येकीची 200 रुपये बचत, त्याच्यातूनच अंतर्गत कर्ज, व्याज महिन्याला 2 टक्के. एकीनं 10,000 घेतले. पहिल्या महिन्याचं व्याज 200. तिनं मुद्दलाचे 1,000 भरले, आता राहिले 9,000, मग पुढच्या महिन्याचं व्याज 180 का परत 200? काही गट उरलेल्या मुद्दलावर धरतात, काही शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. तुमचा गट काय धरतो? ते आईला विचार. एखादी बाई एक महिना आलीच नाही, तर राहिलेल्या व्याजावर व्याज लावता का दंड घेता? निम्मेच पैसे आणले तर ते आधी व्याजात टाकायचे का मुद्दलात? एकीनं गट सोडला तर तिची बचत कशी परत करता? बँकेचं कर्ज गटाला मिळालं की ते कुणाकुणाला वाटलं ते कुठं लिहायचं? ह्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही, आईकडं आहे, अध्यक्षबाईकडं आहे, उमेदच्या सीआरपी ताईकडं, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणाऱ्या ताईकडं आहे. त्यांच्याजवळ बसून, वही घेऊन, विचारून विचारून लिहून काढणं, आणि मग त्यांना आपण लिहिलेलं परत वाचून दाखवून बरोबर आहे का विचारणं, हे सॉफ्टवेअरचं निम्मं काम आहे आणि ते तू ओसरीवर बसून करू शकतोस.

अजून एक बघ. आईच्या रजिस्टरात चुकलं तर काय करता? खोडरबरानं खोडत नाही, आडवी रेघ मारून सही करता आणि खाली नवीन नोंद करता, बरोबर ना? बँकांचं सॉफ्टवेअर पण तसंच चालतं. शिल्लक किती हा एक आकडा ठेवून तो सारखा बदलत बसायचं नाही, प्रत्येक नोंद जपून ठेवायची आणि शिल्लक त्या नोंदींवरून काढायची, चूक झाली तर उलटी नोंद टाकायची. हे तुला तुझ्या प्रोग्राममध्ये करता आलं आणि कामून केलं ते सांगता आलं, तर पुण्यात बँकिंगचं काम करणाऱ्या कंपनीतला इंटरव्ह्यू घेणारा खुर्चीत सरळ बसेल, मी स्वतः बसेन.

मी हे मनानं सांगत नाही. मी औश्याकडची, 2008 ला पास झाले, हातात ऑफर लेटर होतं. सप्टेंबरात तिकडं अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि इकडं आमचं जॉइनिंग पुढं गेलं, आधी 3 महिने, मग अजून 3, मग त्या कंपनीनं फोन उचलायचंच सोडलं. घरात सगळ्यांना पेढे वाटून झाले होते. मी लातूरला मामाच्या आडतीवर जाऊन बसायला लागले, कॉम्प्युटर होता तिथं, आणि पट्टी काढायचा एक प्रोग्राम लिहिला, व्हीबी आणि ॲक्सेसमध्ये, वजन गुणिले भाव, त्याच्यातून हमाली तोलाई वजा, शेतकऱ्याच्या हातात किती. दोन दिवसांत झाला, मला वाटलं संपलं. मुनीमकाकांनी संध्याकाळी वहीवर हातानं बेरीज मारली आणि म्हणाले पोरी, 3 पैसे जास्त दाखवायलंय. मी म्हणलं 3 पैशानं काय होतंय. ते काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी परत वही पुढं केली, 5 पैसे कमी.

मला शोधायला आठवडा लागला. कॉम्प्युटर दशांशातले आकडे दोनाच्या हिशोबात ठेवतो, त्यामुळं 0.1 सारखा साधा आकडा पण त्याला नेमका मांडता येत नाही, आपल्याला एक तृतीयांश 0.333 असंच लिहीत राहावं लागतं तसं, आणि मी पट्टीवर दाखवताना आकडा गोल करत होते पण बेरीज आतल्या न गोल केलेल्या आकड्यांची करत होते. मग सगळी रक्कम पैशात, पूर्णांकात ठेवली, गोल करायचं ते प्रत्येक पट्टीवर एकदाच, आणि वहीशी जुळलं. 2009 मध्ये पुण्यात एका छोट्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेले तेव्हा त्यांनी पाऊण तासातला अर्धा तास ह्याच 3 पैशांवर घालवला. माझं इंग्रजी तेव्हा तुझ्यापेक्षा बरं नव्हतं, अडखळत सांगितलं, पण सगळं खरं घडलेलं होतं त्यामुळं सांगताना भीती वाटली नाही.

लॅपटॉपचं. 70,000 ऐवजी 20-25 हजारांत सेकंड हँड बघ, ऑफिसातून निघालेले चांगल्या कंपन्यांचे मिळतात, 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, बिल आणि थोडी वॉरंटी देणाऱ्या दुकानातून, ओळखीच्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन जा. तेवढे पण आत्ता नसतील तर दोन-तीन महिने परभणीत कुठलंही काम कर, सेतू केंद्र, मेडिकलवर बिलिंग, काहीही, आणि त्याच्यातून घे. गावात लाईटचा भरवसा नसतो, माहितीये मला, त्यामुळं परभणीतल्या एखाद्या अभ्यासिकेत बसायची सोय होते का ते बघून ठेव.

काय शिकायचं ह्याच्यावर लोक तासन् तास बोलतात, मी थोडक्यात सांगते. कॉलेजात जावा झालंय ना, मग जावाच धर, दर महिन्याला भाषा बदलू नको. त्याच्यासोबत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, नीट, खरंच नीट, जॉइन (दोन तक्ते जोडणं) आणि ग्रुप बाय (गट करून बेरीज काढणं) कागदावर लिहिता आलं पाहिजे. 1970 ला एडगर कॉडनं जी कल्पना मांडली तिच्यावर ते उभं आहे, मधी किती भाषा आल्या गेल्या, ते जागेवरच आहे. गिट शिक, त्याच्यात कोडमधला प्रत्येक बदल नोंदून राहतो, आणि रोजचं काम रोज गिटहबच्या वेबसाईटवर टाक, म्हणजे तू 4 महिने काय केलंस ते तारखेनिशी दिसतं. लिनक्सच्या दहा-पंधरा कमांड. बास. फुकट साधनं लई आहेत. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल आहे, त्याच्यात मराठीतून पण आहे, एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या प्राध्यापकांचे, व्हिडिओ बघायला पैसे लागत नाहीत, फक्त परीक्षेला बसायचं असेल तर फी, आणि हार्वर्डचा सीएस50 हा कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स पण फुकट बघता येतो, तो जरा अवघड वाटेल पण हळूहळू बघ.

आणि एरर वाचायला शिक. हसण्यासारखं वाटेल पण मी बघते ना, पोरं लाल अक्षरं दिसली की पूर्ण न वाचताच कॉपी करून कुठंतरी चिकटवतात. जावाचा एरर आला की पहिली ओळ वाच, मग खाली 'कॉज्ड बाय' असं कुठं लिहिलंय का ते बघ, मग तुझ्या स्वतःच्या फाईलचं नाव आणि ओळ नंबर कुठं येतोय ते शोध, आणि त्या ओळीवर जाऊन आधी स्वतः विचार कर की इथं काय असायला पाहिजे होतं. हे रोज केलंस तर तुझं अर्धं इंग्रजी पण ह्याच्यातच होईल. राहिलेल्या अर्ध्यासाठी रोज संध्याकाळी 10 मिनिटं मोबाईलवर स्वतःचं रेकॉर्डिंग कर, विषय एकच, आज मी गटाच्या प्रोग्राममध्ये काय केलं. साधी वाक्यं, चुकली तरी चालतात. इंग्रजी स्पीकिंगच्या क्लासात 'माय हॉबी इज' पाठ करण्यापेक्षा हे इंटरव्ह्यूला जास्त उपयोगी पडतं.

आता एआय. तुला खोटा धीर देणार नाही. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं, आणि आधी आम्ही नवीन पोरांना जी बारकी बारकी कामं द्यायचो, एक फॉर्म करून दे, एक रिपोर्ट काढून दे, त्यातलं बरंच काम आता आमच्या टीममध्ये त्याच्याकडून करून घेतलं जातं. त्यामुळं नुसतं कोड टाईप करता येणाऱ्याला अवघड जायलंय हे खरं आहे. पण तू एक करून बघ, त्याला म्हण बचत गटाच्या कर्जाचं व्याज काढायचा कोड लिहून दे. दोन मिनिटांत देईल, सुबक देईल. मग आईच्या रजिस्टरातल्या एका बाईचं जुनं कर्ज घे, तिचे सगळे हप्ते टाक, आणि जुळतं का बघ. तुमच्या गटाचा नियम त्याला कुणी सांगितलाय? त्यानं मनानं एक धरलेला असतो. जुळत नाही हे ज्याला दिसतं आणि कामून जुळत नाही हे ज्याला सांगता येतं त्याला मी कामावर घेते. फक्त पहिले 5-6 महिने कोड स्वतःच्या हातानं लिही, अडलास तर त्याला समजावून सांगायला लाव, लिहून मागू नको. चालायला शिकायच्या वयात लेकराला गाडीवर बसवून फिरवलं तर पायात जोर येत नाही.

अर्जाचं आजपासूनच सुरू कर, सगळं शिकून झाल्यावर करू म्हणू नको, कारण बऱ्याच कंपन्यांच्या भरतीच्या ड्राइव्हला पासिंगचं वर्ष बघतात आणि तुझं वर्ष निघून गेलं की तो दरवाजा बंद. बीएससी-बीसीए वाल्यांना वाटतं आपल्याला इंजिनिअरिंग नाही म्हणून मोठ्या कंपन्या घेत नाहीत, तसं नाही. विप्रोचा डब्ल्यूआयएलपी नावाचा प्रोग्राम बीसीए-बीएससीवाल्यांसाठीच आहे, नोकरी करत करत कंपनीच्या खर्चानं एमटेक होतं, पण काही वर्षं बांधून घेतात ते नीट वाच. टीसीएस पण बीएससी-बीसीएवाल्यांची वेगळी भरती करत आलीये. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरच बघ, टेलिग्राम ग्रुपवरच्या लिंकवर भरवसा ठेवू नको. सरकारचं एनएटीएस पोर्टल आहे, 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालचं, पदवीधरांना एक वर्ष स्टायपेंडवर काम मिळतं, तिथं नाव नोंदव. आणि पुण्याच्या आधी संभाजीनगर बघ. चिकलठाण्याला, शहरात बऱ्याच छोट्या कंपन्या आहेत, वाळूजच्या कारखान्यांचं ईआरपीचं (सगळ्या कारभाराचं एकत्र सॉफ्टवेअर), स्टोअरचं, मशीनच्या डेटाचं काम करणाऱ्या. पगार कमी असतो, पण 8-10 माणसांच्या कंपनीत तुझं कोड कुणीतरी बसून वाचतं, आणि पहिल्या नोकरीत मला पगारापेक्षा तेच मोठं वाटतं. इंटरव्ह्यूच्या शेवटी विचार, माझं काम कोण तपासणार. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घे.

सपोर्ट किंवा टेस्टिंगचं काम मिळालं तर नाक मुरडू नको. सपोर्टमध्ये लॉग, म्हणजे सिस्टीमनं स्वतः केलेल्या नोंदी, वाचायला मिळतात, चालू सिस्टीम कुठं मोडते ते कळतं, एसक्यूएल रोज लागतं. दीड-दोन वर्षांत तिथून डेव्हलपमेंटला जायचा प्रयत्न करायचा, एवढं डोक्यात ठेव.

कुणी नोकरीसाठी डिपॉझिट मागितलं की उठून ये. ओरिजिनल मार्कमेमो आणि टीसी कुणाकडं ठेवायला देऊ नको, बघून परत घे. बाँडवर सही करायच्या आधी किती वर्षं, सोडलं तर किती पैसे, हे आकड्यात वाच, नाही कळलं तर मला फोटो पाठव.

ह्याला वेळ लागेल. 6 महिने धर, 8 लागले तरी घाबरू नको, बाबांना पण तेवढंच सांग, एकदम महिन्याभरात होईल असं सांगू नको म्हणजे त्यांची रोजची विचारणा तुला टोचणार नाही.

येत्या गटाच्या मीटिंगला आईसोबत जा, एका कोपऱ्यात बस, कोण काय बोलतं, पैसे कोणत्या क्रमानं जमा होतात, वाद कशावर होतो ते सगळं वहीत लिही. त्या पानांचा फोटो मला पाठव, तुला सुटलेले प्रश्न मी त्याच्यावर लाल पेनानं लिहून परत पाठवते. आईला माझा नमस्कार सांग.

तुझी ताई